बाथरूमच्या चौकटीचा कुजलेला पाय आणि ऑसिलेटिंग मल्टिटूल

उंबरठा
नमस्कार मंडळी.
आमचा फ्लॅट नव्वदच्या दशकातल्या इमारतीत आहे. बाथरूमच्या दाराची लाकडी चौकट दोन्ही बाजूंना खालून वीतभर कुजली आहे. स्क्रू ड्रायव्हर टोचला की सरळ आत जातो. वरची चौकट मात्र ठणठणीत. मिस्त्री लोकांना दाखवलं तर सगळ्यांचं एकच म्हणणं, चौकट पूर्ण काढा आणि ग्रॅनाइटची बसवा. म्हणजे आजूबाजूच्या टाइल्स फुटणार, तसल्या टाइल्स आता मिळणार नाहीत, मग अख्खं बाथरूमच करा... हा प्रवास कुठे संपतो ते शेजाऱ्यांकडे बघून कळलंय.

यूट्यूबवर ऑसिलेटिंग मल्टिटूल नावाचं मशीन बघितलं. हातात मावेल एवढं, पुढे चपटं पातं, ते गोल फिरत नाही, नुसतं थरथरतं. भिंतीत बसलेलं लाकूड जागच्या जागी कापतात. त्यालाच त्रिकोणी पॅड लावून घासतातही. माझ्याकडे ड्रिल सोडून काही नाही. चौकटीखेरीज बाथरूमच्या टाइल्समधल्या फटींत भरलेलं, काळं पडलेलं ग्राउट काढायचंय आणि आजीचं सागवानी देवघर घासून पुन्हा पॉलिश करायचंय.

घ्यावं का? घेतलं तर कुठलं? आणि त्या व्हिडिओतली घरं सगळी लाकडाची नि जिप्समची, आपल्या विटा-सिमेंटच्या घरांत ते चालतं का?

चहा_बिस्कीट
दुपारी दोन ते चार सोसायटीत चालवून बघा, लगेच कळेल चालतं की नाही.

तिरपा_रंधा
तुमची चौकट म्हणजे या मशीनचं हुकमी काम. पण जिगसॉ, ग्राइंडर, सर्क्युलर सॉ यांच्याऐवजी हे घ्यायचं नसतं. ती जिथे शिरत नाहीत तिथे हे. प्लायची अख्खी शीट याने कापायला बसलात तर संध्याकाळ होईल आणि काप वाकडा येईल तो वेगळाच.

आता चौकट. जुन्या फ्लॅटमधली चौकट बहुधा चार इंच बाय अडीच इंच असते. नेहमीच्या पात्याची पोच चाळीस ते पन्नास मिलिमीटर, म्हणजे एका बाजूने आरपार जाणार नाही. खोलीच्या बाजूने निम्मं आणि बाथरूमच्या बाजूने निम्मं असं शिरायचं. त्यासाठी आधी गुण्या लावून चौकटीच्या तिन्ही दिसणाऱ्या अंगांवर रेघ फिरवून घ्या, नाहीतर दोन काप मधे भेटत नाहीत.

काप सरळ आडवा घेऊ नका, थोडा उतरता घ्या. खोलीकडून वर, बाथरूमकडे खाली. सांध्यात पाणी शिरलं तरी ते बाथरूमकडेच उतरेल. कुजलेला भाग संपला की लगेच न कापता दोनेक इंच चांगल्या लाकडात जाऊन कापा. मात्र खालचा होल्डफास्ट (चौकट भिंतीला धरून ठेवणारी लोखंडी पट्टी) कुठे आहे ते आधी बघा. बहुतेक ठिकाणी जमिनीपासून फूटभरावर असतो. तो तुटला तर वरची ठणठणीत चौकटही हलायला लागेल.

पातं लाकडाला एकदम सपाट टेकवून दाबायचं नाही. आधी एक कोपरा टेकवा, रेघेवर झिरी पडू द्या, मग हळूहळू पूर्ण धार आत सोडा. आत गेल्यावर पातं डावी-उजवीकडे किंचित हलवत राहा, म्हणजे भुसा बाहेर पडतो. भुसा अडकला की पातं तापतं, लाकूड करपल्याचा वास येतो आणि पात्याची धार निळी पडते. निळी पडली की तिचं पाणी उतरलं. जोर लावला की काम लवकर होईल असं वाटतं, पण जोराने थरथरच दबते आणि कापणं थांबतं.

पटाशीवाला
एका चौकटीसाठी मशीन? कुजलेलं लाकूड पटाशीने आपोआप सुटतं. वरच्या कापासाठी बारीक दात्यांची ओढून कापायची करवत आणा, पाऊण इंची पटाशी आणि लाकडी मोगरी आणा. तिन्ही मिळून मशीनच्या निम्मेही पैसे लागणार नाहीत, आणि अवजारं पुढच्या पिढीला देता येतील. हल्ली लोकांना कामापेक्षा मशीनचीच हौस जास्त.

तिरपा_रंधा
पटाशीवाले, हौसेचा मुद्दा मान्य. पण करवतीला पुढे-मागे जायला जागा लागते. इथे एका बाजूला टाइल, मागे प्लास्टर. करवतीचं टोक टाइलवर आपटणार. शेवटचा मागचा पापुद्रा मात्र मीही पटाशीनेच काढतो, कारण तिथे प्लास्टर आणि खिळे असतात आणि लाकूड कापायचं पातं त्यांवर घासलं की लगेच बोथट होतं.

पटाशीवाला
म्हणजे पटाशी लागतेच. एवढंच म्हणायचं होतं.

ठिणगी
कुठलं घ्यावं याबद्दल. आधी मशीन काय करतं ते बघा, मग डब्यावरचे आकडे आपोआप कळतात. पातं मिनिटाला साधारण ८,००० ते २०,००० वेळा थरथरतं, पण फिरतं अगदी थोडं, एकूण तीन-चार अंश. पात्याचं टोक म्हणजे जेमतेम तीन-चार मिलिमीटर सरकतं. म्हणून ते उसळत नाही आणि ग्राइंडरसारखं हातातून निसटत नाही.

याची सुरुवात हाडांच्या दवाखान्यातून झाली. जर्मनीतल्या फाइन कंपनीने १९६७ मध्ये पायाचं प्लास्टर कापायला असंच थरथरतं मशीन आणलं. कडक प्लास्टर कापलं जातं, खालची मऊ कातडी पात्याबरोबर हलते आणि वाचते. (तरी लाकूड कापायच्या पात्याला बोट लावून बघू नका! ते दाते वेगळे.) पुढे त्याच तत्त्वावर त्यांनी सुतारकामाची मशीनं काढली. पेटंटची मुदत २००८च्या सुमारास संपली आणि मग बाकीच्या कंपन्या उतरल्या. आज सगळीकडे स्वस्त मशीनं दिसतात ती त्यामुळे.

आकड्यांचं एक उदाहरण. बॉशचं जीओपी ३०-२८ घ्या. ३० म्हणजे ३०० वॅट, २८ म्हणजे २.८ अंश. जीओपी ४०-३० म्हणजे ४०० वॅट आणि ३ अंश. जीओपी ५५-३६ म्हणजे ५५० वॅट आणि ३.६ अंश. अंश जास्त असेल तर काप भराभर होतो, पण हाताला थरथरही जास्त येते. तुमच्या कामाला ३०० वॅट भरपूर. घरातल्या साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर आरामात चालेल. वेग कमी-जास्त करायचं चाक नसेल तर मात्र अजिबात घेऊ नका. लोखंड आणि प्लास्टिक कमी वेगातच कापावं लागतं, आणि पॉलिश पेपरने घासतानाही पूर्ण वेग चालत नाही.

खरी गोम पातं बसवायच्या जागेत आहे. जुन्या पद्धतीत सपाट तोंडावर बारा खुंट्या असतात आणि मधे स्क्रू. ती पाती स्वस्त आणि सगळीकडे मिळणारी. २०१६ मध्ये बॉश आणि फाइनने मिळून स्टारलॉक आणलं, त्यात पातं खटकन बसतं आणि सैल होत नाही. त्यातही तीन प्रकार: स्टारलॉक, स्टारलॉक प्लस, स्टारलॉक मॅक्स. साधं स्टारलॉक पातं तिन्ही मशीनांवर बसतं. उलटं नाही, मॅक्सचं पातं साध्या मशीनवर बसत नाही. मशीन घेण्याआधी तुमच्या गावातल्या दुकानात कुठली पाती असतात ते बघा. मशीन एकदाच घ्याल, पाती घेतच राहाल.

उंबरठा
ठिणगी, फार उपयोगी. पुण्यात बोहरी आळीत, हत्यारांच्या बाजारात, चक्कर मारतो म्हणजे. पाती किती महाग असतात?

तिरपा_रंधा
चांगल्या कंपनीचं कार्बाइडचं (पोलादापेक्षा कितीतरी कडक दात्यांचं) एक पातं हजाराच्या पुढे जातं. स्वस्त मशीनबरोबर जो डबाभर पात्यांचा संच येतो त्यातली बहुतेक पाती हाय कार्बन स्टीलची असतात. पाइन, एमडीएफ, प्लास्टिकला ती ठीक. आपलं सागवान त्यांना लवकर मारतं, कारण सागाच्या लाकडात वाळूचा अंश असतो. प्लायमधला गोंदही तसाच वैरी. सागवानी आणि साल लाकडाच्या चौकटीला बायमेटल पातं घ्या (अंग लवचीक स्टीलचं, दाते कडक स्टीलचे). ते खिळाही कापतं, पण खिळा आला की वेग कमी करा. स्टेनलेसचे किंवा काळे कडक स्क्रू असतील तर कार्बाइडशिवाय गती नाही.

सुताराच्या नव्या कामात एक गोष्ट तर रोजचीच: सनमायका. त्यावर कापताना दोन्हीकडून मास्किंग टेप लावा, नाहीतर कडेचे टवके उडतात. सनमायकाने पात्याची धार जाते ती जातेच, तिला उपाय नाही.

काटकसर करायची तर बोथट स्टीलच्या पात्याला तिकोनी कानशीने नवे दाते पाडता येतात. पातं वाइसमध्ये धरा आणि गॉगल लावा. कार्बाइडवर कानस चालत नाही.

बे_एरियातली
इथे अमेरिकेत हे मशीन घरोघरी असण्याचं कारण उंबरठा यांनीच लिहिलंय, भिंती जिप्समच्या. स्विचबोर्डासाठी चौकोन पाडायचा तर दोन मिनिटांचं काम, भिंतीच्या तळाशी लावलेल्या लाकडी पट्टीचा तुकडा जागेवरच कापता येतो. नवी लाकडी लादी घालताना चौकटीचे पाय लादीच्या जाडीएवढे कापायचे, हे तर याचं सगळ्यात लाडकं काम. लादीचा एक तुकडा जमिनीवर ठेवायचा, त्यावर पातं आडवं टेकवायचं आणि कापायचं. उंची मोजायलाच लागत नाही. भारतात व्हिनाइलची किंवा लॅमिनेटची लादी घालणारे आता वाढलेत, त्यांना हे कामी येईल.

विटेच्या भिंतीत वायरिंगसाठी झिरी मारायला मात्र याच्या नादी लागू नका. सासरी पुण्याला दिराने प्रयत्न केला होता, पातं गेलं, भिंत जशीच्या तशी.

अमेरिकेतून कोणी आणून देतंय म्हणून घेत असाल तर दोन गोष्टी. वायरचं मशीन ११०-१२० व्होल्टचं असतं, ते २३० व्होल्टवर लावलं की संपलं. बॅटरीवालं घेतलंत तर चार्जरवर २३० व्होल्टही लिहिलेलं आहे का ते वाचा, बहुतेकांवर नसतं. विमानात सुटी लिथियम बॅटरी केबिन बॅगेत न्यावी लागते आणि मशीन चेक-इन बॅगेत. १०० वॅट-अवर्सपर्यंतची बॅटरी सहसा चालते, म्हणजे १८ व्होल्ट ५ अँपिअर-अवर (९० वॅट-अवर) पर्यंत. इथे डब्यावर "२० व्होल्ट मॅक्स" लिहिलेली बॅटरी म्हणजे तीच १८ व्होल्टची, फसू नका.

लादीकाम
ग्राउटबद्दल. आधी फट मोजा. स्पेसर (दोन टाइल्समध्ये ठेवायचे प्लास्टिकचे तुकडे) लावून केलेल्या कामात फट दोन-तीन मिलिमीटर असते. त्यात अर्धगोल कार्बाइड दाणेदार पातं मस्त चालतं. मध्यम वेग, पातं फटीच्या मधोमध, पुढे-मागे लांब हात. टाइलच्या कडेला लागलं की ग्लेझचा टवका उडतो आणि तो पांढरा डाग कायमचा.

पण नव्वदच्या इमारतीत, विशेषतः भिंतीवरच्या आठ-बाय-बारा टाइल्स, बऱ्याचदा एकमेकींना चिकटवून लावलेल्या असतात आणि केसाएवढ्या फटीत व्हाइट सिमेंट भरलेलं असतं. तिथे हे मशीन लावूच नका. पातंच फटीपेक्षा जाड. तिथे हाताने चालवायची सुरी आणि सबुरी. जमिनीवरच्या टाइल्सना फट असेल तर तेवढीच मशीनने करा.

इपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारं रेझिन) ग्राउट असेल तर आणखी वेगळं. ते उष्णतेने मऊ होतं आणि पात्यात गच्च बसतं. हीट गनने थोडं तापवा, मग खरवडणीने काढा. कडेचं जुनं सिलिकॉन काढायला मात्र याच मशीनला लागणारं लवचीक खरवडपातं फार कामाचं.

चहा_बिस्कीट
सबुरी बोहरी आळीत मिळते का?

रानजाई
देवघरावर कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. मी जुन्या लाकडी वस्तू घासून पॉलिश करते, हे मशीन माझ्याकडे कापण्यापेक्षा घासण्यासाठीच जास्त असतं.

त्रिकोणी पॅडची मजा कोपऱ्यात आहे. देवघराच्या आतले कोपरे, कळसाखालची पायरी, खिडकीच्या झडपांच्या पट्ट्या, जिथे गोल सँडर पोचत नाही तिथे त्रिकोणाचं टोक जातं. मोठ्या सपाट भागाला हे मशीन वापरू नका. वेळ तर लागतोच, वर तिरप्या उजेडात लाटा दिसतात. सपाट भागासाठी गोल सँडर किंवा लाकडाच्या ठोकळ्यावर गुंडाळलेला पॉलिश पेपर.

पेपर आधी ८० नंबर, मग १२०, मग १८० किंवा २४०. जुनं वॉर्निश जाड असेल तरच ६०ने सुरुवात. मधला नंबर गाळला की ८०चे ओरखडे शेवटपर्यंत राहतात आणि पॉलिशचा पहिला हात पडला की दिसायला लागतात. देवघर प्लायचं असून वर सागाचं व्हिनिअर (चिकटवलेला पातळ पापुद्रा) असेल तर फार जपा, ते जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचंही असू शकतं. एका जागी थांबलात की खालचं लाकूड दिसतं. कोरीवकामावर मशीन नकोच. तिथे कापडी पट्टी आणि हाताने.

आणि एक. कोपरा दाबून पूर्ण वेगात घासलं की पॅडवरचा वेल्क्रो वितळतो आणि पेपर धरत नाही. पेपर फिरवून फिरवून तिन्ही टोकं वापरा, वेग अर्ध्यावर ठेवा.

आमच्या कोकणातल्या घरच्या खिडक्यांवर ऑइलपेंटचे थरावर थर होते. ते कोरडे घासले नाहीत. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं भरपूर असायचं. घरगुती रंगातलं शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवायचा नियम आपल्याकडे २०१७ पासून लागू झाला, म्हणजे त्याआधीचा रंग संशयितच धरायचा. तो हीट गनने मंद तापवून किंवा पेंट रिमूव्हरने काढा, लहान मुलं आणि गरोदर बाई घरात असतील तर त्या दिवशी त्यांना दुसरीकडे पाठवा. देवघरावर नुसतं पॉलिश असेल तर हा प्रश्न नाही.

ठिणगी
रानजाईताई +१. धुळीबद्दल भर घालतो. टाइल, ग्राउट, सिमेंट कापताना उडणाऱ्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात बसते. नाकाला रुमाल बांधून काही होत नाही, नीट बसणारा एन-९५ लावा. व्हॅक्यूमची नळी पात्याजवळ कोणी धरून उभं राहिलं तर उत्तम. पत्र्याच्या शेडचे जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांना हे मशीन लावूच नका, त्यात ॲस्बेस्टॉस असतो. गॉगल आणि कानाला काहीतरी, आवाज कर्कश असतो.

वायरी! चौकटीच्या शेजारीच बाथरूमच्या दिव्याचा किंवा गीझरचा स्विच असतो. त्याच्या वायरची नळी भिंतीतून खाली कुठे उतरते ते बघा. हे मशीन वायर अगदी सफाईने कापतं. त्या बाजूचा एमसीबी पाडून, मशीन दुसऱ्या खोलीतून एक्स्टेंशनवर चालवा. आणि घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा. एमसीबी पाडला तरी इन्व्हर्टरच्या लाइनवर वीज असते, हे पुष्कळ लोक विसरतात.

उंबरठा
सगळ्यांचे आभार. घेतलं. ३०० वॅटचं, वेगाच्या चाकाचं, स्टारलॉकवालं. दुकानदार शंभर तुकड्यांचा संच गळ्यात मारत होता, तो नको म्हटलं आणि दोन बायमेटल, एक अर्धगोल कार्बाइड आणि त्रिकोणी पेपर आणले.

डावा पाय कापून झाला. उतरता काप घेतला. दोन्ही काप मधे भेटले, एका कडेला कागदभर फरक राहिला तो पटाशीने काढला. (पटाशीवाले, आणली पटाशी.) मागे दोन गंजलेले खिळे निघाले. कुजलेल्या भागाच्या मागचं प्लास्टरही ओलं होतं. आता तुकडा कशाचा बसवू? सुतार सागाचा म्हणतो, दुकानदार डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा नि प्लास्टिक मिळून केलेला) म्हणतो.

तिरपा_रंधा
प्लास्टर ओलं आहे तर घाई करू नका. आधी ओल कुठून येते ते बघा. बाथरूमचा उंबरा फुटलाय का, उंबऱ्याच्या सांध्यातून पाणी खोलीकडे येतंय का. ते न बघता काहीही बसवलं तरी पाच वर्षांनी हाच धागा वर येईल. प्लास्टर उघडं ठेवून वाळू द्या.

तुकडा डब्ल्यूपीसीचा बसवा. पाणी पीत नाही, याच मशीनने कापता येतो, वर रंग बसतो. मात्र तो फुगीर फोमचा हलका नको, भरीव घ्या, कारण खालची कडी त्यात बसणार असेल तर स्क्रू धरायला हवा. लाकूडच हवं असेल तर सागाचं घ्या आणि बसवण्याआधी त्याच्या खालच्या तोंडाला इपॉक्सीचे दोन हात द्या. लाकूड पाणी पितं ते उभ्या रेषांच्या तोंडातून. दोन्हींपैकी काहीही असलं तरी लादीला टेकवू नका. चारेक मिलिमीटर फट ठेवा आणि सिलिकॉन भरा. वरच्या जुन्या लाकडाच्या कापलेल्या तोंडालाही इपॉक्सी लावायला विसरू नका, सगळे ते विसरतात.

पटाशीवाला
सांध्यात दोन तिरपे स्टेनलेसचे स्क्रू खोलीच्या बाजूने मारा. डोकी आत बुडवून पुट्टी. नुसत्या इपॉक्सीवर भरवसा ठेवू नका, दार आपटलं की सांधा हलतो.

उंबरठा
उंबऱ्याचा मार्बल एका टोकाला खरंच चिरलाय, पाणी तिथूनच येत असणार. तो आधी करतो. उजव्या पायाच्या बाजूला स्विचबोर्ड आहे, ठिणगी म्हणतात तशी नळी नेमकी चौकटीला लागूनच उतरते. तिथे काप किती खोल घेऊ?

ठिणगी
पात्यावर टेपची खूण करा, लाकडाच्या मागच्या अंगापासून एक सेंटिमीटर अलीकडे. तेवढंच मशीनने, उरलेलं पटाशीने. एमसीबी आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद, आणि बंद केल्यावर टेस्टर लावून स्विचमध्ये खरंच वीज नाही ना ते बघा.

चहा_बिस्कीट
आणि दोन ते चार सोडून.